पाणी घातलेला समुद्र

पाव्हणं,

घरात तुमच्या फोटोला हार घातलाय आणि येणारा-जाणारा त्याच्यापुढं हात जोडून बसतोय. मी तेवढा फोटोकडं पाठ करून बसलोय. राग मानू नका. गप्प बसलेले तुम्ही मला ओळखू येत नाहीसा. मी बसलोय तुमच्या समुद्राजवळ.

समुद्र म्हणजे तुमची ती तीन फुटी काचेची टाकी. तुम्ही दवाखान्यात पडलासा आणि सगळं घर तिकडं धावलं, त्यात टाकीकडं बघायचं कुणाला सुचणार? ऐन मे महिना, त्यात लाईटचं जाणं-येणं. पाणी तुम्ही काचेवर मारलेल्या लाल रेघेच्या चांगलं चार बोटं खाली उतरलं होतं. वरच्या अंगाला मिठाची पांढरी खपली धरली होती. मी पाण्याच्या खारटपणाची डिग्री लावली, तर तिसाच्याही वर. पंचवीस पाहिजे, हे तुम्हीच माझ्याकडनं घोकून घेतलेलं. आणि ते नारंगी पट्टेवालं जोडपं तळाला दगडाच्या आडोशाला टेकलेलं, कल्ले लोहाराच्या भात्यासारखे हलतायत.

"आबा," जावईबापू मला म्हणाले, "बारावं झालं की दुकानदार येऊन टाकी घेऊन जाईल. जगलं तर मासं बी नेईल. बाबाच न्हाईत, आता ह्याला बघणार कोण?"

तुमचा पोरगा शाहूपुरीत वाढला, त्यामुळं बोलतो आमच्यासारखंच. मी त्याला उत्तर दिलं नाही. तुम्हालाच एक उत्तर द्यायचं राहिलंय, ते आधी देऊ दे म्हटलं.

माझ्या सुनंदाची सोयरीक करायला तुम्ही आमच्या गावी, हातकणंगल्याच्या अलीकडं, पहिल्यांदा आलासा, तेव्हाच मी भावाच्या कानात सांगितलं होतं, हे मालवणचं माणूस वरनं शहाळं आहे आणि आतनं मिरची. वर्कशॉपातल्या नोकरीपायी जन्म कोल्हापुरात काढलासा, पण जीव तिकडंच. लोक रिटायर होऊन गावाकडं घर बांधतात. तुम्ही समुद्रच इकडं मागवून घेतलासा. मासळीच्या टेम्पोतनं बर्फाच्या पेट्यांच्या जोडीनं खाऱ्या पाण्याचे कॅन यायला लागले. टेम्पोवाला एकदा मला म्हणाला, "आबा, तुमचं व्याही मासं घेत न्हाईत, नुसतं पाणीच घेत्यात. डोकं जाग्यावर हाय न्हवं?"

मी म्हटलं, "सोयरीक झाल्यावर कळालं बाबा. आता काय इलाज न्हाई."

मासे आले मुंबईहून, हवा भरलेल्या पिशवीत. एक मोठी, एक धाकटा. मोठी ती बायको, असं तुम्ही सांगितलंसा, आणि तिचंच चालतं, हे बी सांगितलंसा. विहीणबाई आतनं म्हणाल्या, "मगे बरोबर हा." मी टाकीपुढं उभा राहून विचारलं, "पाव्हणं, म्हैस दूध देती, कोंबडी अंडं देती, कुत्रं दार राखतं. ही दोन काय देत्यात?"

"बघूक गावता."

"आणि?"

"आनि काय? तुमका तुमच्या म्हशीकडे बघूक कधी येळ गावलो?"

जन्मभर म्हशी पाळल्या. कास बघितली, दात बघितले, शेण बघितलं. म्हशीकडं म्हणून कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी धार काढून झाल्यावर मी तिच्यापुढं नुसताच उभा राहिलो. ती बी माझ्याकडं बघायला लागली. डोळे काय असतात हो म्हशीचे. आमची मंडळी गोठ्याच्या दारातनं म्हणाली, "काय वो, इकायची हाय काय?" हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही आठवडाभर माझी खोड काढली असतीसा. पण त्या दिवसापासनं रोज घटकाभर बघतो मी. हे तुमचं देणं.

पाण्याचा खारटपणा मोजायला तुमच्याकडं काचेची एक नळी होती. ती विहीणबाईंच्या झाडूनं फुटली. दुसरी मिळेपर्यंत तुम्ही टाकीत बोट बुडवून जिभेला लावायला लागलासा. "मालवणच्या मानसाची जीभ हा ही, चुकूची नाय." मला ते पटेना. जीभ चहा प्याल्यावर एक सांगते आणि ठेचा खाल्ल्यावर भलतंच. मी पडलो दुधाचा रतीब घालणारा माणूस, माझ्या खिशात कायम लॅक्टोमीटर. दूध घट्ट असलं की ती नळी वर तरंगते, पाणी घातलेलं असलं की बुडते, आणि नळीवरच्या आकड्याला आम्ही डिग्री म्हणतो. मी ती काढली आणि दिली सोडून तुमच्या टाकीत.

"अहो दुधाची! दुधाची ती!" तुम्ही असं ओरडलासा की शेजारचं दार उघडलं. नळीला साय चिकटलेली. समुद्रावर हा एवढा तेलकट तवंग. वरचं पाणी वाटीवाटीनं उपसून काढलंसा, आणि मला ती नळी गरम पाण्यानं, मग राखेनं, मग परत गरम पाण्यानं धुवायला लावलीसा. व्याह्याकडनं भांडी घासून घेणारा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नसंल.

मग कॅनमधलं मालवणचं ताजं पाणी एका उभ्या भांड्यात घेतलं आणि धुतलेली नळी सोडली. पंचवीस.

मला हसू आवरेना. "पाव्हणं, माझ्या म्हशीचं दूध तिसाला लागतंय. पंचवीस डिग्रीचं दूध संस्थेत नेलं तर माप घेणारा कॅन माझ्या डोक्यावर वतंल. तुमच्या समुद्रात पाणी घातलंय वो!"

तुम्ही खुर्चीचा हात धरून हसलासा. "घातला असतला," म्हणालासा, "दरवर्सा पावस घालता मा." तो लॅक्टोमीटर तुमच्याच टाकीजवळ राहिला. मी माझ्यासाठी दुसरा घेतला.

आता भांडणाचं बोलू. ते मिटवून जायला पाहिजे होतासा, पण नाही मिटवलंसा, म्हणून माझी बाजू इथं सगळ्यांपुढं मांडतो.

पुतण्याच्या लग्नाला सगळं घर मालवणला निघालं. मी रोज शाहूपुरीत रतीब घालायला येतोच, म्हणून किल्ली माझ्याकडं. नळाचं पाणी बादलीत भरून उघडं ठेवलेलं, त्यातल्या औषधाचा वास उडून जावा म्हणून. तुम्ही मला टाकीपुढं उभं करून सांगितलंसा, "पाणी रेघेखाली गेला काय ह्या गोडा पाणी घाला. खारा घालू नका. पाणी उडान जाता, मीठ खय जाता? ता थंयच रवता." गोडं पाणी म्हणजे तुमच्या बोलीत साधंच पाणी, खारं नाही ते. तेवढं मला कळत होतं.

पण आमच्या घरात एक रीत आहे. दुधाचं भांडं धुतलं की उन्हात पालथं घालायचं, शेवटचा थेंब वाळला की मगच धार. भरल्या भांड्यात आपल्या हातनं पाणी पडायचं नाही, असं बाप सांगायचा आणि त्याचा बाप बी. शाहूपुरीत मला बिनपाण्याचं आबा म्हणतात, ते काय उगीच? मी तांब्या भरला, टाकीवर धरला, आणि हात वाकंना. खरंच वाकंना. शेजारी मालवणचे दोन कॅन भरलेले. समुद्रातलं कमी झालं तर समुद्राचंच घालावं, ह्यात कुणाचं काय चुकलं? घातलं. डिग्री लावली तर सव्वीस. परत घातलं, सत्तावीस. पाणी उडायचं, मी भरायचो, आकडा चढायचा. तीस लागली त्या दिवशी मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पाव्हण्यांनी पातळ समुद्र ताब्यात दिला होता, मी दुधासारखा घट्ट करून परत देतोय, असं वाटायला लागलं. मासे कोपऱ्यात का बसलेत, ह्याचा अर्थ मी असा लावला की मालक गावाला गेलाय, करमत नसंल.

तुम्ही दारात आलासा तेव्हा मी छाती काढून उभा. "तीस केलाय बघा!"

तुम्ही टाकीकडं बघितलंसा. हातातली पिशवी तिथंच सुटली. "माश्यांचा लोणचा घातल्यात काय ओ पावण्यानू!"

मग जे झालं ते सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं. तुम्ही म्हणालासा, बिनपाण्याचो म्हनतत तुमका, आनि बिनपाण्यानच भादरलात माका. मी म्हटलं, दुसरी पास हाय पण भेसळ करत न्हाई. तुम्ही तांब्या माझ्या नाकापुढं नाचवलासा. "ही भेसळ नाय ओ, तहान ती! खाऱ्यातल्या जीवाक तहान लागना नाय?" मी चप्पल घालून जिना उतरलो. सुनंदा खालपर्यंत मागनं आली. "आबा, चहा तरी," म्हणाली. मी चहा बी घेतला नाही.

मासे तुम्ही वाचवलेसा, थोडं थोडं पाणी घालत, आकडा हळूहळू उतरवत. मी दुसऱ्या दिवशी रतीब घेऊन आलो, टाकीत डिग्री लावली आणि मोठ्यानं आकडा सांगितला. तुम्ही तांब्या उचललासा. तेव्हापासनं तीच पद्धत पडली. आकडा मी सांगायचा, पाणी तुम्ही घालायचं. तुम्ही नसलासा तर सुनंदा घालायची. आणि गावाला निघताना दर खेपेला तुम्ही मुद्दाम विचारायचासा, "गोडा पाणी घालशात मा, पावण्यानू?" आणि मी दर खेपेला म्हणायचो, "डिग्री बघतो." त्याच्यापुढं मी एक पाऊल टाकलं नाही, आणि तुम्ही विचारायचं सोडलं नाहीसा. नातवंडांच्या मुंजी-बारशात, फोनवर, जेवणाच्या पानावर, तांबड्या रश्श्याचा भुरका मारता मारता बी. दोन म्हाताऱ्यांना बोलायला काहीतरी लागतं. आपल्याला हे पुरलं.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुमचा आवाज पार खाली गेला होता. ओठ हलले. "गोडा पाणी."

जावईबापू वाकले. नर्सबाई म्हणाल्या, "साखरपाणी द्यायचं न्हाई हं, शुगर हाय त्यांना." सुनंदानं चमच्यानं साधं पाणी ओठाला लावलं. तुम्ही तोंड फिरवलंसा. परत तेच. "गोडा पाणी." सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कुणी म्हणालं, तुळशीचं पाणी मागत असतील. कुणी म्हणालं, शहाळं आणा. आणि तुम्ही माझ्याकडं बघत होतासा.

मला कळालं होतं, पाव्हणं. त्या खोलीत मला एकट्याला कळालं होतं. 'घालतो' म्हणायचं होतं, एवढंच. आणि माझ्या तोंडातनं काय निघालं? "डिग्री बघतो की."

तुमच्या ओठाचा कोपरा जरा वर गेला. हसलासा, का ओठ वाळल्यामुळं तसं दिसलं, हे आता कुणाला विचारू?

तुम्हाला पोचवून आलो. अंघोळ झाली. घर माणसांनी भरलेलं. मी टाकीपुढं आलो तर हे वर सांगितलं ते असं झालेलं. बादली भरून ठेवली, पाणी शिळं होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या बुडवला, टाकीवर धरला. मनगट जरा थांबलं. मग वाकलं. छत कोसळलं नाही. बाप स्वप्नात आला नाही. नुसता पाण्यात पाणी पडल्याचा आवाज झाला.

एकदम ओतून रेघेला नेलं नाही, घाबरू नका. चढलेला आकडा झटक्यात उतरवला तर मासा उलटा होतो, हे तुमच्याकडनंच शिकलोय. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. मधल्या वेळेत बसून राहायचं.

बसल्या बसल्या आपलं दुसरं भांडण आठवलं. मी म्हणायचो, आमची पंचगंगा बी शेवटी समुद्रालाच मिळती, म्हणजे समुद्रात आमचा बी वाटा हाय. तुम्ही म्हणायचासा, "मिळता, पन त्या दुसऱ्या समुद्राक. कृष्णेतसून पार थंय पूर्वेक. आमच्या मालवणाक तुमचो एक थेंब येना नाय." मी विचारायचो, समुद्रात मधी काय बांध घातलाय व्हय? ह्याचा निकाल तुम्ही असेपर्यंत लागला नाही. आता लागलाय. आमच्या नळाला पंचगंगेचंच पाणी. ते रोज तांब्यातांब्यानं तुमच्या मालवणच्या समुद्रात पडतंय, शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. माझं खरं झालं. आता वाद घालायला तुम्ही नाहीसा, ह्यात जिंकल्याची मजा गेली, हे मात्र कबूल.

विहीणबाई भिंतीला टेकून बसलेल्या असायच्या. ह्या टाकीला त्यांनी जन्मभर सवत म्हटलं, तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी बोललं तर हूं का चूं नाही. पुढ्यातलं ताट तसंच परत जायचं. पण संध्याकाळी मी टाकीत चिमटीभर खाणं सोडलं की तिकडनं आवाज यायचा, "खाल्ल्यानी काय ओ त्यांनी?"

"अजून न्हाई."

आकडा अठ्ठावीसच्या खाली आला त्या दिवशी मोठी दगडाच्या आडनं बाहेर आली. जरा तिरकी, अशक्त माणूस भिंत धरून चालतं तशी. वर आली, एक कण घेतला, थुंकला, परत घेतला. तिच्या मागनं धाकटा. "खाल्लं!" मी ओरडलो. दुखवट्याच्या घरात. भेटायला आलेली चार माणसं दचकून माझ्याकडं बघायला लागली. विहीणबाई भिंतीचा आधार घेऊन उठल्या, टाकीपर्यंत आल्या, काचेला नाक लावून बघितलं. मग आत बघून म्हणाल्या, "सुनंदा, माकाय वाईच भात वाढ."

त्या जेवत होत्या तोवर मी तुमच्या फोटोकडं तोंड केलं. एवढंच एकदा.

बारावं झालं आणि सांगितल्याप्रमाणं दुकानदार आला, टेम्पो खाली उभा करून, दोन रिकामी पिंपं घेऊन. माणूस चांगला होता. हळू आवाजात म्हणाला, रोज ह्याच्याकडं बघायला लागतं, घरातल्यांना जमणारं नाही, मासे माझ्याकडं सुखात राहतील. जावईबापूंनी सगळ्यांकडं बघितलं. वाईट त्यांना बी वाटत होतं, दिसत होतं. पण ते सकाळी कामाला जाणार, सुनंदाला पोरांचं करायचं. "आई, तू सांग," ते म्हणाले, "रोज न चुकता पाणी घालणार कोण?"

मी सवयीनं तांब्या भरून टाकीवर धरला. सुनंदा माझ्याकडं बघत नव्हती, मुद्दाम बघत नव्हती. मला बिनपाण्याचं आबा म्हणतात, त्या नावावर तिचं बी माहेर उभं आहे. ती कशी सांगणार?

खालच्या मजल्यावरचे देसाई तेवढ्यात आत आले. माझं जुनं गिऱ्हाईक, तोंडाचं फटकळ. तुमच्या फोटोला नमस्कार केला, वळले, आणि माझ्या हातात भरलेला तांब्या टाकीवर धरलेला बघून जागीच थांबले.

"आबा? आणि पाणी?" देसाई म्हणाले. "आरं तिच्या! हे आमच्या डोळ्यांनी बघायचं होतं व्हय? उद्यापासनं आमच्या दुधाचं काय?"

एकदोघं हसले. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, दवाखान्यात घशातच राहिलेलं सगळं एकदम वर आलं.

"व्हय देसाई, घालतोय," मी म्हटलं, असं मोठ्यानं की टेम्पोवाल्यानं बी खालनं वर बघितलं असंल. "काल घातलं, आज घालतोय, उद्या बी घालणार. रोज रतीबाला येतो तवा आधी हितं पाणी घालणार, मग तुमच्या दारात दूध घालणार. सगळ्या शाहूपुरीला सांगा, आबा पाणी घालतोय म्हणून. माझ्या पाव्हण्यांच्या समुद्रात घालतोय. तुमच्या दुधात पडलं तर माझी मिशी उतरवा!"

सुनंदानं पदर तोंडाला लावला, ती हसत होती का रडत होती ते मी विचारलं नाही. विहीणबाईंनी दुकानदाराला बसवून चहा पाजला, वर दोन लाडू दिले आणि रिकाम्या पिंपांसकट वाटेला लावलं. जावईबापू एक पिंप स्वतः खाली सोडून आले.

आज डिग्री सव्वीस लागलीय. पट्टेवाली वर आहेत, धाकटा मोठीचा मार खातोय, म्हणजे सगळं ठीक चाललंय. लाईट आहे. पाणी रेघेच्या एक बोट खाली. तेवढं मुद्दाम उद्यासाठी ठेवलंय. म्हशी खोळंबल्या असतील. येतो, पाव्हणं.